घोरणं थांबवणाऱ्या वस्तूंच्या पाकिटावर एक ओळ तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझं कराडला मेडिकलचं दुकान आहे, मी स्वतः बी. फार्म. आहे आणि १७ वर्षं काउंटरवर उभी राहतेय. गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर घोरणं बंद करणाऱ्या नाकाच्या क्लिपची जाहिरात आली होती, सात रात्रींत फरक नाहीतर पैसे परत अशी काहीतरी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार जण मोबाईलवर तिचा फोटो काढून दुकानात आले, मॅडम हे आहे का तुमच्याकडे. त्यातल्या एकाला मी विचारलं की घोरता घोरता मधेच आवाज एकदम बंद होतो का, तर त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको लगेच म्हणाली, "होतो ना, मग मी हलवते त्यांना." मी क्लिप दिली नाही. आधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर दोघंही जरा नाराज होऊनच गेले. माणूस घोरण्यावर वस्तू मागायला आला होता आणि बायको सांगत होती की त्याचा श्वास बंद पडतो, ह्याच्यावरच मला लिहायचंय.

हे शहाणपण मला कॉलेजात मिळालेलं नाही, आमच्या घरात झालं म्हणून मिळालं. आमचे मिस्टर लग्न झाल्यापासून घोरतात. साताऱ्याला एमआयडीसीत नोकरी, रोज गाडीनं जाऊन येऊन. चाळिशी ओलांडली, वजन ९४ किलोवर गेलं आणि घोरण्याची जातच बदलली, आधी एका लयीत असायचं ते आता वाढत वाढत जायचं, मग गप्प, मग एकदम मोठा घुसमटल्यासारखा आवाज. सासूबाई म्हणायच्या, "दमून येतो गं तो, गाढ झोपलाय, झोपू दे." आपल्याकडे सगळ्यांचा हाच समज आहे, घोरणारा माणूस म्हणजे डाराडूर, सुखाची झोप. पण हे सुखाची झोप घेणारे सकाळी उठायचे ते डोकं धरून, तोंडाला कोरड पडलेली, आणि रविवारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या पाच मिनिटांत मान खाली.

घरचंच औषधाचं दुकान म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं, मी एकेक वस्तू घरी न्यायला लागले. आधी नाकावर लावायच्या पट्ट्या, त्या पहाटेपर्यंत सुटून उशीला चिकटलेल्या असायच्या. मग पुदिन्याच्या वासाचा घशात मारायचा स्प्रे. मग चुंबकाची सिलिकॉनची क्लिप, ती रोज सकाळी चादर झटकून शोधायची. मग सासूबाईंनी सांगितलं म्हणून रात्री नाकात गाईच्या तुपाचे दोन दोन थेंब, वेलदोड्याचं पाणी, हळदीचं दूध. शेवटी हनुवटीचा पट्टा, डोक्यावरून हनुवटीखाली घ्यायचा रुंद इलॅस्टिकचा, दाढ दुखली की पूर्वी फडकं बांधायचे ना, अगदी तसाच. आणि त्या पट्ट्यानं फरक पडला. आवाज खरंच निम्म्यावर आला. मला इतकं बरं वाटलं की मी दुकानात सात-आठ जणांना तोच पट्टा स्वतःहून दाखवून विकला, आमच्या घरात गुण आलाय म्हणून सांगून. ते सात-आठ चेहरे मला अजून आठवतात, त्यातल्या ज्यांना नंतर गाठता आलं त्यांना गाठून सांगितलं, सगळे काही सापडले नाहीत.

मग श्रावणात एका रात्री लाईट गेली. पंखा बंद पडला, खोली एकदम शांत झाली आणि त्या शांततेनंच मला जाग आली. शेजारून काहीच आवाज नाही. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर पट्टा नीट बांधलेला, तोंड बंद, आणि छाती-पोट हलत होतं, चांगलं जोर लावून हलत होतं, पण नाकापुढे हात धरला तर हवाच नाही. आत श्वास ओढायची धडपड चाललीय आणि रस्ता बंद. मी मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावलं, ते लावेपर्यंत काही सेकंद गेलेच होते, त्यापुढे ३४ सेकंद झाले. मग एकदम सगळं अंग हललं, मोठा आवाज करून श्वास आत गेला, कुशीवर वळले, आणि दोन-तीन मिनिटांत परत तेच. दुसऱ्यांदा ४१ सेकंद. त्यांना स्वतःला ह्यातलं काही कळत नव्हतं, सकाळी विचारलं तर म्हणाले मस्त झोप लागली होती की.

तरीही आम्ही लगेच गेलो नाही, हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. बघू, दिवाळीनंतर जाऊ, असं चाललेलं. मग एका संध्याकाळी साताऱ्याहून येताना उंब्रजच्या अलीकडे स्टेअरिंगवर डुलकी लागली आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. मागून ट्रक नव्हता म्हणून आज मी हे पत्र लिहितेय. त्याच आठवड्यात कोल्हापूरला नेलं, रात्रभर झोपेची तपासणी झाली, छातीला पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र, नाकात नळी, डोक्याला वायरी. रिपोर्ट आला तो असा, तासाला ४६ वेळा श्वास बंद तरी पडतोय किंवा अपुरा तरी होतोय, आणि ऑक्सिजन ७१ पर्यंत उतरतोय. तासाला ५ च्या आत असेल तर नॉर्मल धरतात, ३० च्या वर गेलं की गंभीर. कोविडमध्ये घरात कुणाचा ऑक्सिजन ९० झाला तरी आपण गाडी काढून बेड शोधत फिरत होतो आणि इथे ७१ पर्यंत उतरणारा माणूस रोज रात्री माझ्या शेजारी झोपत होता.

ह्याला स्लीप अपनिया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, ते सगळ्यांचेच पडतात, पण काहींचा मार्ग आधीच अरुंद असतो, मान जाड, चरबी, किंवा जबडा लहान, मग जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे येऊन रस्ता बंदच होतो. ऑक्सिजन उतरला की मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, तेव्हा तो घुसमटल्यासारखा आवाज येतो. रात्रभरात असं शेकडो वेळा. दर वेळी हृदयाला धक्का, बीपी वर. आमच्या मिस्टरांना मी माझ्याच हातानं बीपीच्या तीन-तीन गोळ्या काढून देत होते आणि तरी बीपी १५०च्या खाली येत नव्हतं, आणि हे का होतंय ह्याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. रात्री तीनदा लघवीला उठायचे, त्यासाठी आम्ही शुगर तपासली, प्रोस्टेटची सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. तेही अपनियामुळेच होतं, श्वास बंद पडून छातीत जो ताण येतो त्यानं हृदयातून एक हार्मोन सुटतं आणि लघवी जास्त तयार होते. म्हणजे सगळी लक्षणं वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वेगवेगळ्या फायलींत पडली होती आणि घोरणं तेवढं माझ्या दुकानाच्या शेल्फवर.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अभ्यास छापला होता, ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा, त्यात साधारण पाचातल्या एकाला झोपेत श्वासाचा बिघाड निघाला आणि ७.५ टक्क्यांना दिवसा झोप येण्यासकट पूर्ण अपनिया. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज काढला की कामकाजाच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार असावा आणि त्यातले ४ कोटी ७० लाख मध्यम किंवा गंभीर. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अपनिया हे कारण सांगितलं होतं, तेव्हा आठवडाभर सगळीकडे चर्चा झाली, दुकानात लोकांनी विचारलं, आणि नंतर परत सगळे पट्ट्याच मागायला लागले.

मी काही सगळ्या वस्तू खोट्या आहेत असं म्हणत नाही. सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर पट्टीनं नाकपुड्या उघडतात, मोकळं वाटतं, हे खरं आहे. पण घोरण्याचा आवाज बहुतेकांना येतो तो घशातून, आणि पट्टी आहे नाकावर. अमेरिकेत टेक्सासच्या हवाई दलाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये पट्टी, घशाचा स्प्रे आणि खास उशी अशा तिन्ही गोष्टी घोरणाऱ्यांवर तपासून बघितल्या, मोजून उपयोग काही सापडला नाही. खोकल्याच्या गोळीसारखं हे पण लागू पडेल असं वाटून लोक घेतात आणि दीडशे-तीनशे रुपयांत काय जातंय म्हणतात. पैशाचं मला एवढं नाही वाटत हो, जातात ती वर्षं. आमची पाच गेली.

काही गोष्टी तर सरळ घातक आहेत. हल्ली रीलमध्ये बघून तोंडाला टेप लावून झोपायची टूम निघालीय, कॉलेजची पोरं येऊन टेप मागतात. ज्याचं नाक चोंदलेलं आहे किंवा ज्याला अपनिया आहे त्यानं तोंडही बंद केलं तर हवा जायची कुठून. नाक मोकळं करायचे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब लोक घोरण्यासाठी महिनोन् महिने घालतात, ते तीन ते पाच दिवसांच्या वर वापरायचेच नसतात, नंतर थेंब सोडले की नाक आणखी गच्च होतं आणि माणूस बाटलीशिवाय झोपूच शकत नाही. माझ्याकडे एक शिक्षक आठवड्याला दोन बाटल्या न्यायचे. आणि झोपेच्या गोळ्या. नीट झोप होत नाही, सकाळी थकवा असतो, म्हणून लोक अल्प्राझोलम मागतात, शेजारच्यांनी दिली होती, छान लागली म्हणे. ही गोळी शेड्यूल एच-वन मध्ये आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायची नाही, रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असा २०१४ पासून नियम आहे. तरी कुठे कशी मिळते हे आमच्या लाईनीतल्या सगळ्यांना माहीत आहे. अपनियावाल्याला ती दिली तर आधीच सैल पडणारा घसा आणखी सैल पडतो आणि मेंदूची जागं करायची सवयही मंद होते. रात्री दोन पेग मारून झोपण्याचंही तेच.

बायकांचं वेगळंच लिहायला पाहिजे. काउंटरवर गर्दी ओसरेपर्यंत थांबायचं, मग हळू आवाजात म्हणायचं, "माझ्यासाठी नाही हो, मिस्टरांसाठी पाहिजे होतं." पन्नाशीच्या पुढच्या, पाळी गेलेल्या, वजन वाढलेल्या. पुरुष घोरला तर घरात गंमत होते, बाई घोरली तर तिला लाज वाटते, लग्नाला गेलं तर पाहुण्यांत झोपायला नको म्हणून रातोरात परत येणाऱ्या बायका मला माहीत आहेत. आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो. त्यांच्यात तो नुसता घोरण्यातून दिसत नाही, झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, चिडचिड होते, मग त्यांना डोकेदुखीची गोळी मिळते, झोपेची मिळते, आणि घरात ऐकून घ्यावं लागतं की हिचं काहीतरी मानसिक आहे. माझ्या नणंदेनं अशीच सहा वर्षं काढली. लहान मुलांचंही सांगते, रोज घोरणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं मूल दिसलं तर थेंब मागत बसू नका, टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी वाढल्यात का ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून बघून घ्या.

आता शंखाचं. २०२५ मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरत होतं की शंख फुंकला की स्लीप अपनिया बरा होतो, मशीनची गरज नाही. मुळात जयपूरच्या डॉक्टरांचा अभ्यास खरा आहे, मी शोधून वाचला. ३० पेशंट, मध्यम स्वरूपाचा आजार असलेले, त्यातल्या १६ जणांनी आठवड्यातून पाच दिवस किमान पंधरा मिनिटं शंख वाजवायचा, सहा महिने, आणि बाकीच्यांनी नुसते दीर्घ श्वास घ्यायचे. शंखवाल्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि श्वास बंद पडणं तासाला चार-पाचनं कमी झालं. घशाचे स्नायू व्यायामानं घट्ट होतात हे पटण्यासारखंच आहे, मला ते वाचून आनंदच झाला. पण तासाला ४६ चे ४१ झाले तर आमच्या मिस्टरांचं काय होणार होतं? जो आकडा सांगणं महत्त्वाचं होतं तोच फॉरवर्डमधून गळाला. आणि ते पेशंट तपासणी करून मग शंख वाजवत होते, आमच्याकडे लोक तपासणीच्या ऐवजी शंख घेतात.

इंजेक्शनचं पण विचारतात, घोरण्याचं इंजेक्शन आलंय ना म्हणून. ते इंजेक्शन म्हणजे टिर्झेपाटाईड, त्याला अमेरिकेच्या एफडीएनं डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणा असलेल्या मोठ्या माणसांच्या मध्यम ते गंभीर अपनियासाठी मान्यता दिली, ह्या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. म्हणजे बघा, तोपर्यंत एकही नव्हतं, आणि आपल्याकडे कपाटभर बाटल्या विकल्या जात होत्या. ते काम करतं मुख्यतः वजन उतरवून, आणि डॉक्टरशिवाय घ्यायचं औषध नाही. वजनाचा संबंध जुना आहे, दहा टक्के वजन उतरलं तर त्रास साधारण पाव हिश्श्यानं कमी होतो असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात २००० सालीच निघालं होतं. कुशीवर झोपणं, दारू सोडणं, वजन उतरवणं ह्याला दुकानात यायला लागत नाही आणि पट्टीपेक्षा ह्यानं जास्त फरक पडतो.

आमच्या मिस्टरांना सीपॅप मशीन दिलं. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये पहिल्यांदा हे केलं, नाकावर मास्क आणि पंख्यानं हवेचा दाब, त्या दाबानं घसा उघडा राहतो. त्याआधी गंभीर पेशंटच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवायचे. मशीन ४२ हजाराला पडलं, तपासणीचे वेगळे, आणि विम्यात हे बसत नाही असं कंपनीनं सांगितलं. पहिले तीन दिवस ह्यांनी मास्क ओरबाडून काढला, गुदमरतंय म्हणाले. डॉक्टरांनी मास्कचा साईझ बदलून दिला, दाब हळूहळू वाढवत न्यायचं सेटिंग लावलं. पाचव्या रात्री साडेदहाला झोपले ते सकाळी सहाला उठले, मधे एकदाही बाथरूमला नाही. उठून गॅलरीत उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, डोकं दुखत नाहीये." इतकी वर्षं रोज दुखतं हेच ते विसरून गेले होते. आता मशीनवर तासाला ३ च्या आसपास आकडा येतो, वजन ८६, आणि बीपीची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली.

साहेब, माझं मागणं साधं आहे. घोरण्याच्या वस्तूंच्या जाहिराती छापू नका असं मी म्हणत नाही, तुमचाही धंदा आहे आणि माझाही. पण जाहिरातीत आणि पाकिटावर मराठीत एक ओळ पाहिजे, की ही वस्तू स्लीप अपनियावर उपचार नाही, झोपेत श्वास थांबत असेल किंवा दिवसा फार झोप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हे काही मी माझ्या मनचं सांगत नाही, अमेरिकेत २००१ मध्ये स्नोरेन्झ नावाच्या घशाच्या स्प्रेवाल्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं पुराव्याशिवाय दावे करायला मनाई केली आणि अशीच सूचना टाकायला लावली. २४ वर्षं उलटून गेली त्याला. आपल्याकडे निदान मराठी पेपरांनी तरी सुरुवात करावी. एसटीच्या डेपोत, ट्रकवाल्यांच्या शिबिरात ड्रायव्हरचे डोळे तपासतात, तिथेच मान मोजा आणि घोरण्याचं विचारा, त्याला एक टेप लागते फक्त.

माझ्या मेडिकलवाल्या भावाबहिणींनाही सांगायचंय, वस्तू देण्याआधी विचारा. जोरात घोरता का, दिवसा थकवा-झोप असते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सेस चुंग ह्यांनी २००८ मध्ये केलेली आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात, त्यातले हे पहिले चार, बाकीचे वजन, पन्नासच्या पुढचं वय, मान ४० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणं. तीन किंवा जास्त हो आले तर डॉक्टरांकडे पाठवा. माझ्या काउंटरवर आता शिंप्याची टेप लटकवलेली असते, दोन मिनिटं लागतात. बरोबर आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला नक्की विचारा, कारण झोपलेल्याला काही माहीत नसतं.

सुरुवातीला लिहिलेलं ते जोडपं अजून परत आलेलं नाही. दुसऱ्या दुकानातून क्लिप घेतली असेल कदाचित. त्यांचं नाव-गाव मला माहीत नाही, पण जाहिरातीचा फोटो त्यांनी तुमच्याच पेपरातून काढला होता, म्हणजे घरी पेपर तुमचाच येत असणार. पत्र मोठं झालंय, कापायचं तर बाकीचं कापा, पण बायको म्हणाली "मग मी हलवते त्यांना" तेवढं राहू द्या, त्यावरून त्या ओळखतील.

आपली,
एक वाचक आणि औषध विक्रेती, कराड